परक्या चुका बिनचूक उतरवताना

ग्रेगरीय पंचांगाचा नियम असा आहे की, शतकाच्या अखेरचे वर्ष ४०० ने निःशेष भागले जात असेल तरच ते लीप वर्ष मानावे. आणि या नियमान्वये १९०० सालचा फेब्रुवारी २८ दिवसांचाच होता, त्या साली २९ फेब्रुवारी ही तारीख उगवलीच नाही. तथापि विंडोजवरील एक्सेलच्या कोणत्याही कोष्टकात एका घरात ६० हा आकडा लिहून त्यास तारखेचे रूप द्यावे, तर पडद्यावर जी तारीख उमटते ती हीच, कधीही न उगवलेली, २९ फेब्रुवारी १९००. हा प्रमाद मुळात एक्सेलचा नव्हे. १९८३ साली बाजारात आलेल्या लोटस १-२-३ या हिशेबी आज्ञावलीने १९०० हे लीप वर्ष धरले होते. लोटसच्या फायली आपल्याकडे येताना गिऱ्हाइकांच्या तारखा एका दिवसाने सरकू नयेत म्हणून एक्सेलच्या कर्त्यांनी ती चूक समजून उमजून पत्करली. आणि पुढे एक्सेलच इतके सर्वव्यापी झाले की, २००८ साली त्याच्या फायलींची रचना आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मुक्रर झाली तेव्हा त्या मानकानेही जुन्या दप्तराच्या सोयीसाठी या जादा दिवसाला जागा ठेवली. लिबरऑफिस ही मुक्त आज्ञावली दिवसांची मोजणी ३० डिसेंबर १८९९ हा शून्य दिवस धरून करते. परिणामी १ मार्च १९०० पासून पुढच्या सर्व तारखा उभयतांच्या हिशेबात तंतोतंत जुळतात आणि त्यापूर्वीच्या दोन महिन्यांपुरतीच एका दिवसाची तफावत उरते. तारखांचा एक्सेलशी मेळ राहिला, आणि पंचांगही बिघडले नाही.

दस्तऐवजांचे रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीतील दोष काढणे या उद्योगाचे मर्म या एका दाखल्यात बहुतेक आले आहे. दोषदुरुस्ती म्हणजे जे चुकले ते बरोबर करणे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु रूपांतराच्या क्षेत्रात ‘बरोबर’ काय हे ठरवण्याचा अधिकार ना तर्कशास्त्राकडे असतो, ना पुष्कळदा मानकग्रंथाकडे. तो असतो ज्या आज्ञावलीने ती फाइल जन्मास घातली तिच्या प्रत्यक्ष वर्तनाकडे, मग ते वर्तन कितीही विक्षिप्त असो. मोडी कागदाचे बाळबोध करणारा जाणता माणूस मूळ कारकुनाने सन चुकीचा घातला असला तरी आपल्या पदरचा सन मजकुरात घुसडत नाही. तीच सचोटी येथे आज्ञावली लिहिणाराकडून अपेक्षित असते, आणि त्याची अडचण एवढीच की त्याच्यापुढे समासात टीप लिहिण्याची सोय नाही. त्याला एकच पान काढून दाखवायचे असते, आणि ते मूळ पानासारखे दिसले नाही तर तक्रार त्याच्याच नावावर पडते.

लिबरऑफिसचे घराणे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे, कारण त्याच्या जन्मापासून परक्या फायली वाचणे हेच त्याच्या उपजीविकेचे साधन राहिले आहे. जर्मनीत ल्यूनेबुर्ग येथे स्टार डिव्हिजन या कंपनीत मार्को ब्योरीस याने १९८० च्या दशकात आरंभलेली ही आज्ञावली १९९९ साली सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतली, २००० साली तिची मूळ संहिता ओपनऑफिस या नावाने सर्वांस खुली झाली, आणि २८ सप्टेंबर २०१० रोजी डॉक्युमेंट फाउंडेशन स्थापन होऊन लिबरऑफिस वेगळे निघाले. या सबंध काळात कचेऱ्यांतील पत्रव्यवहार वर्डमध्ये व जमाखर्च एक्सेलमध्ये चालत असल्याने, जी आज्ञावली त्या फायली धडपणे उघडू शकत नाही तिला दारात उभे करण्यास कोणी तयार नव्हते.

आणि त्या फायली उघडणे ही सोपी गोष्ट नव्हती. जुन्या ‘डॉक’ फाइलीचे अंतरंग पाहिले तर ते एखाद्या लहानशा डिस्कसारखे निघते: साधारणतः ५१२ बाइटांचे कप्पे, कोणत्या कप्प्यामागून कोणता वाचावा याचे एक कोष्टक, आणि त्या कप्प्यांत विखुरलेले मजकुराचे, वळणाचे व चित्रांचे स्वतंत्र प्रवाह. मजकूरही सलग असेलच असा भरवसा नाही. यंत्रे मंद आणि फ्लॉपी त्याहून मंद अशा काळात प्रत्येक वेळी सगळी फाइल नव्याने लिहिण्याऐवजी बदल तेवढे शेवटी जोडून द्यावेत आणि कोणता तुकडा कोठून उचलावा याची यादी ठेवावी, अशी ‘जलद साठवणी’ची युक्ती वर्डच्या कर्त्यांनी केली होती. त्यामुळे भोळेपणाने आरंभापासून अखेरपर्यंत वाचत जाणाऱ्या परिवर्तकाच्या हाती कधी दुसरा परिच्छेद पहिल्याआधी येई, तर कधी लेखकाने खोडून टाकलेले वाक्य, जे त्या यादीतून वगळले होते पण फाइलीत पडून होते, ते पुनरुज्जीवित होऊन मजकुरात अवतरे. तुकड्यांपैकी काहींत अक्षरास एक बाइट व काहींत दोन बाइट, हा आणखी एक घोळ. आज हे सर्व गबाळे वाटते. परंतु दोन-चार मेगाबाइट स्मृतीच्या यंत्रावर जाडजूड अहवाल लिहू पाहणाऱ्या माणसाला ती सोय होती, आणि तिचा हेतू फाइल दुसऱ्या कोणी वाचावी हा कधीच नव्हता.

मायक्रोसॉफ्टने या द्विमान फायलींचे वर्णन २००८ च्या फेब्रुवारीत सर्वांस खुले केले. तोवर, आणि ज्या फायलींचे वर्णन आजतागायत कोणी प्रसिद्ध केलेले नाही त्यांच्या बाबतीत अजूनही, मार्ग एकच: मूळ आज्ञावलीत एका ओळीचा दस्तऐवज करावा, तो साठवावा, त्यात एकच अक्षर ठळक करावे, पुन्हा साठवावा, आणि दोन्ही फायली बाइटामागून बाइट ताडून पाहाव्यात. कोणता आकडा बदलला? तोच आकडा हाताने बदलला तर अक्षर पुन्हा बारीक होते का? या पद्धतीने एकेका बाइटाचा अर्थ वसूल करीत जाण्यास जी चिकाटी लागते ती पुराभिलेख वाचणाऱ्यांच्या जातीची आहे. २०१४ साली डॉक्युमेंट फाउंडेशनच्या आश्रयाने ‘डॉक्युमेंट लिबरेशन’ हा प्रकल्प याच कामासाठी जाहीर झाला. वर्डपर्फेक्ट, व्हिजिओ, पब्लिशर, कोरलड्रॉ, पेजमेकर, क्वार्कएक्सप्रेस असल्या फायली वाचणारी आयत्या संहितेची लहान लहान स्वतंत्र ग्रंथालये त्यात आहेत, आणि ती कोणत्याही आज्ञावलीने उचलून वापरावीत अशा बेताने रचलेली आहेत. या यादीतील दोन नावांशी मराठी मुद्रणाचा निकट संबंध आहे. १९९० नंतरच्या दोन दशकांत मराठी पुस्तके आणि दिवाळी अंक मोठ्या संख्येने पेजमेकरमध्ये जुळवले गेले, आणि लग्नपत्रिकांपासून चौकातील फलकांपर्यंत बहुतेक मजकूर कोरलड्रॉमधून निघाला. पेजमेकर ही आज्ञावली केव्हाच निवृत्त झाली. तिच्या फायली मात्र छापखान्यांच्या जुन्या सीडींवर तशाच पडून आहेत.

रचनेचे अधिकृत वर्णन हाती आले म्हणजे सगळे प्रश्न मिटतील, ही आशा फोल ठरली. वर्डच्या ‘डॉकएक्स’सह मायक्रोसॉफ्टच्या नव्या, एक्सएमएल पद्धतीच्या फॉरमॅटांचे वर्णन २००६ साली एक्मा या संस्थेने प्रसिद्ध केले तेव्हा ते ६,००० पृष्ठांच्या घरात गेले होते. (पुढे ते आंतरराष्ट्रीय मानक व्हावे की नाही या प्रश्नावर राष्ट्राराष्ट्रांत जे मतदान झाले त्यात भारताने विरोधी मत दिले होते, हे जाता जाता नमूद करण्यासारखे आहे.) इतका विस्तार असूनही त्यात ‘वर्ड ९५ प्रमाणे अंतर ठेवावे’, ‘वर्ड ६ प्रमाणे ओळ तोडावी’, ‘वर्ड ९७ च्या नियमाने ओळी मोडाव्यात’ अशा आशयाची कलमे होती, आणि त्या आवृत्तीतील अशा कलमांखाली खुलासा असा की, हे वर्तन शब्दांत मांडण्याजोगे नाही, ज्यास ते हुबेहूब हवे त्याने त्या त्या आज्ञावलीचे अनुकरण करावे. मानकग्रंथानेच आपला अधिकार एका दहा वर्षे जुन्या आज्ञावलीच्या हवाली केल्याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. टीकाकारांनी त्याची यथेच्छ टवाळी केली. मला ती टवाळी अर्धवट वाटते. कारण ती कलमे लिहिणाराने निदान एवढे प्रामाणिकपणे कबूल केले होते की, कोट्यवधी जुने कागद ज्या नियमांनी बांधले गेले ते नियम कोणी योजलेलेच नव्हते, ते नुसते घडले होते.

अशा घडलेल्या नियमाचा एक नमुना तपशिलाने पाहण्यासारखा आहे. वर्डमध्ये कोष्टक घातले की घराच्या कडेपासून आतील मजकुरापर्यंत थोडी मोकळी जागा सुटते. आता कोष्टकाची डावी रेघ पानाच्या समासाशी जुळवावी की घरातील मजकूर समासाशी जुळवावा? वर्ड २०१० पर्यंत मजकूर जुळत असे, म्हणजे रेघ किंचित समासात घुसे. वर्ड २०१३ पासून रेघ जुळू लागली. परंतु जुने दस्तऐवज बिघडू नयेत म्हणून नव्या वर्डमध्ये दोन्ही रीती जिवंत ठेवल्या आहेत, आणि कोणती लावायची हे फाइलीच्या पोटातील ‘अनुरूपता’ नामक एका आकड्यावरून ठरते: १४ वा त्याहून कमी असेल तर जुनी, १५ असेल तर नवी. लिबरऑफिसमध्ये कित्येक वर्षे सर्वच कोष्टके जुन्या रीतीने सरकवली जात. ज्याने तक्रार केली त्याच्या दृष्टीने कोष्टक सुमारे दोन मिलिमीटर डावीकडे गेले होते. ज्याने ती तक्रार वाचली त्याच्या यंत्रावरील दुसऱ्या फाइलीत ते अगदी योग्य जागी होते. आणि उभयता खरे बोलत होते. १४ आणि १५ या दोन आकड्यांतील भेद उमगेपर्यंत येथे दुरुस्ती करणे म्हणजे एकाचे कोष्टक सरळ करून दुसऱ्याचे वाकडे करणे एवढेच झाले असते.

मापांची गोष्टही अशीच. वर्ड मजकुराची अंतरे एका इंचाच्या १,४४० व्या भागात मोजते. त्याच फाइलीतील चित्रे आणि आकृत्या मात्र एका इंचाच्या ९,१४,४०० व्या भागात मोजल्या जातात, आणि हा चमत्कारिक आकडा निवडण्याचे कारण असे की, त्यायोगे इंच आणि सेंटिमीटर हे दोन्ही पूर्णांकात बसतात, एका सेंटिमीटरचे बरोबर ३,६०,००० भाग होतात. लिबरऑफिसच्या चित्रविभागात मोजणीचा घटक मिलिमीटरचा शतांश आहे. आता पाऊण पॉइंट जाडीची एक साधी रेघ घ्या: वर्डच्या बारीक मापात ती ९,५२५ भागांची. मिलिमीटरच्या शतांशात तिचे माप २६.४५८ येते, पण साठवता येतात पूर्णांक, म्हणून २६. आणि फाइल परत वर्डच्या रूपात लिहिली की २६ गुणिले ३६० म्हणजे ९,३६०. डोळ्यांस हा फरक दिसत नाही. परंतु वीस रकान्यांच्या कोष्टकात प्रत्येक रकान्याच्या रुंदीला अशीच कात्री लागली म्हणजे अखेरच्या रकान्यातील शेवटचा शब्द खालच्या ओळीत उतरतो, ओळ वाढली की पान वाढते, पान वाढले की अनुक्रमणिकेतील सगळे पृष्ठांक चुकतात, आणि ज्या सनदी लेखापालाने तो अहवाल पाठवला होता तो ‘तुमची आज्ञावली माझी अनुक्रमणिका बिघडवते’ अशी फिर्याद घेऊन येतो. रोग रुंदीचा आणि लक्षण पृष्ठांकाचे. फाँटांमुळेही हेच होते: कॅलिब्री फाँट ज्याच्या यंत्रावर नाही त्याच्यासाठी कार्लिटो नावाचा फाँट असतो, ज्याची अक्षरे दिसण्यात निराळी पण रुंदीत कॅलिब्रीशी तंतोतंत सारखी आहेत, आणि एरिअल व टाइम्स न्यू रोमन यांची जागा याच तत्त्वावर लिबरेशन कुलातील फाँट भरून काढतात. देवनागरीत मंगलच्या जागी लोहित वा नोटो आला की मात्र रुंदी बदलते आणि ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात.

आतापर्यंत सांगितलेले दोष वाचण्यातील किंवा मोजण्यातील होते. ज्यांना चिकाटीपेक्षा रचनाबुद्धी अधिक लागते असे दोष निराळे. ते तेव्हा उद्भवतात जेव्हा मूळ फाइलीत सांगितलेली गोष्ट उतरवून घेणाऱ्या आज्ञावलीच्या कल्पनासृष्टीतच नसते. वर्डमध्ये कोष्टक पानावर तरंगते ठेवता येते, मजकूर त्याच्या भोवतीने वाहतो, आणि कोष्टक लांब असेल तर तरंगत तरंगतच पुढील पानावर जाते. लिबरऑफिसमध्ये तरंगती चौकट होती, पण ती दोन पानांत तुटत नसे; त्यामुळे असे कोष्टक एक तर चौकटीत कोंबून त्याचा उरलेला भाग पानाबाहेर गडप होऊ द्यायचा, नाही तर त्याचे तरंगणेच रद्द करायचे, एवढेच पर्याय होते. वर्षानुवर्षे अनुमानांनी काम भागवले गेले: कोष्टक आखूड दिसले तर चौकट, लांब दिसले तर साधे कोष्टक. प्रत्येक अनुमान कोणाची तरी फाइल सुधारी आणि कोणाची तरी बिघडवी. २०२३ च्या सुमारास पानांवरून तुटत जाणारी तरंगती चौकट ही वस्तूच लिबरऑफिसच्या पानमांडणीच्या गाभ्यात नव्याने घडवली गेली, तेव्हा कोठे त्या अनुमानांचा गुंता सोडवता आला. अशा वेळी परिवर्तकातील दोष परिवर्तकात राहून दुरुस्त होत नाही.

ज्या वस्तू घडवण्यास सवड नाही त्यांच्यासाठी एक मध्यममार्ग निघाला आहे. फाइल वाचताना ज्या बाबींचा अर्थ लागत नाही, किंवा लागूनही त्यांना ठेवण्यास जागा नाही, त्या एका गाठोड्यात बांधून दस्तऐवजाबरोबर बाळगायच्या, आणि फाइल पुन्हा वर्डच्या रूपात लिहिताना ते गाठोडे सोडून जेथल्या तेथे ठेवायचे. स्मार्टआर्टच्या आकृत्या अशा रीतीने सांभाळल्या जातात; पडद्यावर त्यांची साधी चित्ररूप नक्कल दिसते आणि अस्सल गाठोड्यात असते. युक्ती चातुर्याची आहे आणि धोक्याचीही. मधल्या काळात कोणी आकृतीतील मजकूर बदलला तर? नक्कल एक सांगते, गाठोडे दुसरे, आणि गाठोड्यातील जुना मजकूर विजयी झाला तर माणसाने केलेली दुरुस्ती निमूटपणे नाहीशी होते. म्हणून गाठोडे केव्हा टाकून द्यावे याचे नियम ते बांधण्याच्या नियमांहून अधिक काळजीने लिहावे लागतात.

याच प्रश्नाला अगदी उलट उत्तर देणारी एक आज्ञावली आहे, आणि तिचा कर्ता तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक आहे हे मला यदृच्छेने घडलेले वाटत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ साली पॅनडॉक प्रसिद्ध केली. तीत प्रत्येक फॉरमॅटचा एक वाचक आणि एक लेखक असतो, आणि मध्ये दस्तऐवजाचे एक अमूर्त रूप: परिच्छेद, मथळा, यादी, तळटीप, अवतरण, कोष्टक, जोर. दहा फॉरमॅट परस्परांत फिरवायचे तर एरवी नव्वद परिवर्तक लिहावे लागतील. येथे दहा वाचक आणि दहा लेखक पुरतात. त्याची किंमत अशी की, त्या अमूर्त रूपात जे नाही ते वाटेतच गळते. समासाची रुंदी, अक्षराचा रंग, तरंगते कोष्टक यांची पॅनडॉकला फिकीर नाही आणि ती तसे स्वच्छ सांगते. दस्तऐवज म्हणजे त्याचे दिसणे की त्याची तार्किक रचना, या वादात लिबरऑफिस एका बाजूस आणि पॅनडॉक दुसऱ्या बाजूस उभी आहे. प्रबंध वा लेख यांच्या कामी मी पॅनडॉकचा पक्ष घेईन. परंतु न्यायालयात दाखल करायच्या कागदाच्या बाबतीत, जेथे ‘पान ७, ओळ १२’ असा हवाला दिला जातो, तेथे दिसणे हाच मजकुराचा भाग असतो.

दुरुस्तीची प्रत्यक्ष रीत आता थोडक्यात. लिबरऑफिसमध्ये प्रत्येक तक्रारीस क्रमांक मिळतो. तक्रारीसोबत आलेली दोनशे पानांची फाइल कापत कापत, दोष टिकून राहील इतपत लहान, पुष्कळदा एका परिच्छेदाची करून घेणे ही पहिली पायरी, आणि अनुभवी माणसांच्या मते अर्धे काम येथेच होते. दोष पूर्वी नव्हता व मध्येच उपजला असेल तर त्याचा जन्मदिवस शोधण्याची एक सुरेख तजवीज आहे: आज्ञावलीच्या लागोपाठच्या हजारो तयार प्रती एका भांडारात ठेवलेल्या असतात; मधली प्रत चालवून पाहावी, तीत दोष असेल तर आधीचा अर्धा भाग घ्यावा, नसेल तर नंतरचा, आणि असे निम्मेनिम्मे करीत गेल्यास हजार प्रतींतून गुन्हेगार बदल दहा चाचण्यांत सापडतो. दुरुस्ती झाल्यावर ती लहान केलेली फाइल, तक्रारीचा क्रमांक हेच नाव घेऊन, चाचण्यांच्या संग्रहात कायमची दाखल होते, आणि यापुढे कोणीही संहितेला हात लावला की यंत्र ती फाइल उघडून, पुन्हा लिहून, अपेक्षित आकडे येतात की नाही याची रुजवात घालते. हेतुपुरस्सर बिघडवलेल्या फायली परिवर्तकापुढे लोटून तो कोसळतो का हे पाहणाऱ्या स्वयंचलित चाचण्याही अहोरात्र चालतात. कारण परकी फाइल उघडणे म्हणजे परक्याच्या हातचा आकडा प्रमाण मानणे, आणि २०१५ साली कोरियन हंगुल फायलींच्या परिवर्तकात असाच एक सुरक्षेचा दोष उघडकीस आला होता.

मराठी दस्तऐवजांच्या वाट्याला यांखेरीज काही खास दोष येतात. वर्डच्या फाइलीत एकाच मजकुरासाठी अक्षराचे दोन आकार नोंदलेले असतात, एक रोमन लिपीसाठी आणि दुसरा देवनागरी, अरबी अशा गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी, ठळकपणाचेही तसेच. परिवर्तक लिहिणारा रोमन लिपीच्या जगात वाढलेला असला की तो पहिली नोंद वाचून पुढे जातो, आणि मग इंग्रजी मथळा ठळक दिसतो व त्याच ओळीतील मराठी मथळा बारीक राहतो. याहून खोल प्रश्न जुन्या फाँटांचा. श्रीलिपी, शिवाजी, सीडॅकचे डीव्हीबी सुरेख अशा फाँटांत बांधलेल्या फाइलीत प्रत्यक्ष साठवलेली असतात रोमन अक्षरांचीच स्थाने; त्यांना देवनागरी चेहरा तेवढा फाँट देतो. फाँट नसेल तर पडद्यावर अर्थहीन रोमन अक्षरांचा सडा पडतो, आणि गंमत अशी की परिवर्तकाने या ठिकाणी काडीचीही चूक केलेली नसते. फाइलीत जे होते ते त्याने इमानाने आणले. त्याचे युनिकोड करायचे तर नुसते कोष्टक पुरत नाही: या फाँटांत अर्धा ‘ख्’ आणि उभा काना अलग ठेवून ‘ख’ जुळवलेला असतो, तो सांधावा लागतो, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी टंकलेली असते ती मागे न्यावी लागते, रफार अक्षरसमूहानंतर येतो तो आरंभी आणावा लागतो. आणि हे सर्व फक्त त्याच तुकड्यांवर, ज्यांच्या माथी त्या फाँटाचे नाव आहे; मधला खराखुरा इंग्रजी शब्द तसाच राहिला पाहिजे. म्हणूनच अशा फाइलीतून आधी साधा मजकूर काढून घेऊन मग त्याचे युनिकोड करू पाहणारे फसतात: फाँटाचे नाव हाच एकमेव पुरावा होता आणि तो त्यांनी पहिल्याच पायरीवर फेकून दिलेला असतो.

पीडीएफमधून मराठी काढतानाही हाच अनुभव येतो. त्या फॉरमॅटात मुख्यतः कोणती आकृती पानावर कोठे काढावी एवढेच नोंदलेले असते; ती आकृती कोणत्या वर्णाची, हे सांगणारे कोष्टक सोबत असेल तर असते, नसेल तर नसते. ‘कि’ लिहिताना वेलांटीची आकृती डावीकडे, म्हणून ती आधी वाचली जाते आणि हाती येते वेलांटीमागून क. जोडाक्षराची तर सबंध एकच आकृती, तिच्यामागे दोन-तीन वर्ण आहेत हे कोष्टकात नीट उतरले नसेल तर तेथे रिकामी जागा नाही तर भलतेच अक्षर येते. आणि मराठीचा तो खास आडवा ‘र’. युनिकोडमध्ये तो दोन रीतींनी लिहिता येतो: नुक्त्याचा ‘ऱ’ घेऊन, किंवा साध्या ‘र्’ नंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून. दुसरी रीत वापरलेल्या मजकुरातील अदृश्य चिन्हे कचरा समजून साफ करणारा परिवर्तक मी पाहिला आहे. त्याने ‘आचाऱ्यास’ शब्दाचा ‘आचार्यास’ केला, आणि स्वयंपाकाची मजुरी गुरूंच्या नावे पडली.

असा दोष कळवताना म्हणूनच काही पथ्ये पाळावीत. फाइलीतील माणसांची नावे, पत्ते, रकमा काढून टाकाव्यात, पण दोष टिकतो आहे याची खात्री करून. ती कोणत्या आज्ञावलीच्या कोणत्या आवृत्तीत केली होती आणि फाँट कोणता होता हे नमूद करावे. आणि मूळ आज्ञावलीत ते पान कसे दिसते त्याचे चित्र आवर्जून जोडून, बिघडलेल्या अक्षराभोवती लाल वर्तुळ काढावे. कारण ती तक्रार जर्मनीत वा हंगेरीत बसून जो माणूस उघडणार आहे त्याला ‘आचारी’ आणि ‘आचार्य’ यांच्यातील अंतर ठाऊक असण्याचे कारण नाही, आणि वेलांटी अक्षराच्या कोणत्या बाजूस शोभते हेही त्याला त्या चित्रावरूनच कळणार आहे.